कॉलमला फायबर गुंडाळण्याआधी

खाऱ्या हवेत चाळीस वर्षं उभ्या असलेल्या मुंबईतल्या इमारतीत पार्किंगचे कॉलम तडकले, की हल्ली ‘कार्बन फायबर रॅपिंग करून टाका’, म्हणजे कॉलमभोवती कार्बन फायबरचं कापड इपॉक्सी या रासायनिक गोंदाने चिकटवून गुंडाळा, असा सल्ला लगेच मिळतो. उपाय चांगला आहे. पण गंज आत ठेवून वरून कापड चिकटवलं, तर गंज दिसेनासा होतो, थांबत नाही. म्हणून वर्क ऑर्डरवर सही करण्याआधी कमिटीने एवढी तयारी करावी.

स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल आधी काढा. 30 वर्षांपुढच्या इमारतीला मुंबईत तो कायद्यानेच लागतो. त्यात हाफ-सेल चाचणीचे (काँक्रीट न फोडता विजेच्या दाबावरून सळईच्या गंजाचा अंदाज घेणारी चाचणी) आकडे बघा: उणे 350 मिलिव्होल्टच्याही खाली गेले असतील, तर तिथे सळई गंजत असण्याची शक्यता 90 टक्क्यांवर आहे.

मग टेप घेऊन कॉलम स्वतः मोजा. गुंडाळी कॉलमला चहूबाजूंनी आवळून धरते म्हणून त्याची ताकद वाढते. गोल कॉलमला याचा सर्वाधिक फायदा, चौकोनीला कमी. आपल्याकडे भिंतीत लपणारे 230 बाय 600 मिलिमीटरचे चपटे कॉलम सर्रास असतात. कॉलमच्या छेदाची लांबी रुंदीच्या दुपटीहून जास्त असली की आवळण्याचा हिशोब धरता येत नाही. तिथे काँक्रीट जॅकेटिंगचा, म्हणजे कॉलमभोवती नव्या सळया बांधून काँक्रीटचा थर ओतण्याचा, पर्याय इंजिनिअरला विचाराच. शिवाय आगीत इपॉक्सी मऊ पडतं, तेव्हा गुंडाळीविना कॉलम रोजचा भार पेलेल का, हेही त्याच्याकडून लेखी घ्या.

फोडकाम सुरू होण्याआधी टेकू लागलेले हवेत, आणि शेजारशेजारचे दोन कॉलम एकदम फोडू देऊ नका. बद्द आवाज येणारं सगळं काँक्रीट काढून सळईच्या मागेही बोट जाईल इतकी जागा करायला लावा. गंज घासून झाल्यावर सळई व्हर्नियरने मोजा; फार झिजली असेल तर जोडीला नवी सळई. त्यानंतर पॉलिमर मॉर्टर किंवा मायक्रोकाँक्रीटने अंग भरून घ्यायचं. कोपरे ग्राइंडरने गोल करायचे, साधारण 20 ते 25 मिलिमीटर त्रिज्येचे, कारण धारदार कडेवर फायबर तुटतो. ही घासाघीस कंटाळवाणी असते आणि नेमकी तिथेच घाई होते. त्या दिवशी कमिटीतलं कुणीतरी खाली उभं राहावं.

चिकटण्याची ताकद पुल-ऑफ चाचणीने (पृष्ठभागावर चकती चिकटवून ती ओढून बघतात) तपासा, 1.4 मेगापास्कलच्या खाली असेल तर पृष्ठभाग पुन्हा तयार करावा लागेल. वरच्या संडास-बाथरूमची गळती आधीच बंद झालेली हवी, कारण ओल्या काँक्रीटवर इपॉक्सी धरत नाही. काम दिवाळीनंतर काढा.

कापड बसून इपॉक्सी वाळलं की नाण्याने ठोकत फिरा. पोकळ वाजेल तिथे खडूने खूण करून दुरुस्ती मागा. नंतर उन्हापासून जपायला वरून लेप किंवा प्लास्टर. आणि कोणते कॉलम गुंडाळले त्याचा नकाशा वॉचमनच्या केबिनमध्ये लावा, म्हणजे उद्या केबलवाला आला तरी त्यात ड्रिल घालणार नाही.