ड्रायसूटच्या आतला सूट धुऊनही थंडी वाजते, कुबट वास येतो: माझा अनुभव

लक्षण असं: ड्रायसूट (थंड पाण्यात उतरताना घालतात तो, पाणी आत येऊ न देणारा सूट) कुठेही गळत नाही, तरी आतला थिन्सुलेटचा (ऊब धरणाऱ्या बारीक कृत्रिम तंतूंचा) सूट घामाने लगेच ओला होतो, अंगाला चिकटतो आणि थंडी वाजते. जास्त पावडर, व्हिनेगर, कडक ऊन, कशानेच फरक पडला नाही. फार वैताग आला होता.

कारण निघालं तंतूंवर साचलेला साबण आणि सॉफ्टनर. हे तंतू मुळात पाणी शोषत नाहीत. पण त्यांच्यावर साबण राहिला की मधल्या हवेच्या जागेत पाणी शिरतं, आणि ऊब तर त्या हवेचीच असते.

जमलं ते असं. आधी लेबल वाचलं. मशीनचा साबणाचा खण धुऊन घेतला, तिथे जुना सॉफ्टनर चिकटलेला असतो. सूट उलटा करून, चेन लावून, समोरून उघडणाऱ्या मशीनमध्ये एकटाच टाकला. पहिली फेरी साबणाशिवाय, ३०° सेल्सिअसला, नाजूक कपड्यांच्या सेटिंगवर. दुसरी अगदी थोड्या लिक्विड साबणाने. मग काचेतून फेस दिसेनासा होईपर्यंत नुसत्या पाण्याने खळबळणं. खरं काम इथेच होतं, घाई करू नका. शेवटी हलका स्पिन. पिळायचा नाही, इस्त्रीही नाही. सावलीत आडवा पसरून, अधूनमधून उलटवत पूर्ण वाळू दिला.

वाळल्यावर आतल्या बाजूला पाण्याचा थेंब टाकला. आधी तो लगेच मुरायचा, आता वरच राहिला.