दोरी, दगड आणि बावीस: विहिरीला विचारून रब्बी ठरवायची रीत

कर्नाटकातल्या अथणी तालुक्याच्या उत्तरेला, महाराष्ट्रातल्या जतच्या हद्दीला लागून आमचं पाच एकर रान आहे. मी मराठा लाइट इन्फंट्रीतनं हवालदार म्हणून रिटायर झालो. राजस्थानात पोस्टिंग असताना माणशी किती पाणी लागलं ते रोज वहीत लिहायचो. आणि घरी आल्यावर? २०२२ चा पाऊस बरा झाला, हिर (विहीर) काठोकाठ दिसली, आणि कुणाला न विचारता नोव्हेंबरात एक एकर ऊस लावला. एप्रिलात मोटर वारं ओढायला लागली. मेअखेरीस तर कर्नाटक कृष्णेसाठी महाराष्ट्राकडं पाणी मागत होतं. जूनचा पाऊस लांबला, ऑगस्ट कोरडा गेला. सप्टेंबरात कर्नाटकातले १९५ तालुके दुष्काळी जाहीर झाले, तोवर माझा ऊस वैरणीला तोडून झाला होता. कारभारीण एवढंच म्हणाली, "पलटणीत पाणी मोजत होता, इथं डोळ्यानं बघून लावला."

तेव्हापासनं मोजतो. रीत सोपी आहे, खर्च दोरीचा.

परतीचा पाऊस थांबल्यावर आठ दिवस जाऊ द्या. लगेच मोजलं तर वरवरचं पाझराचं पाणी धरून आकडा फुगतो. नायलॉनची दोरी घ्या, दर फुटाला गाठ मारा, पाचव्या गाठीला लाल चिंधी, टोकाला दगड. कठड्यावर ऑइल पेंटनं एक खूण करा आणि दर वेळी तिथनंच दोरी सोडा. दगड पाण्याला टेकला की एक आकडा, तळाला टेकला की दुसरा. दोन्हींची वजाबाकी म्हणजे उभं पाणी. एकट्यानं वाकून मोजू नका, कठडा जुना असेल तर मुळीच नको.

आता बावीसचा आकडा. गोल विहिरीचा व्यास फुटांत घ्या, त्याला त्यानंच गुणा, मग बावीसनं. एक फूट पाण्यात तेवढे लिटर. आमची हिर चोवीस फुटांची: चोवीस गुणिले चोवीस ५७६, गुणिले २२ म्हणजे १२,६७२ लिटर. चौकोनी असेल तर लांबी गुणिले रुंदी गुणिले २८.

वीस फूट पाणी उभं असलं की आमच्यात अडीच लाख लिटर होतात. ऐकायला केवढं वाटतं! पण एक एकराला पाटानं एक पाणी (एक पाळी) द्यायचं, म्हणजे दोन इंच भिजवायचं, तर दोन लाख लिटर लागतात. म्हणजे ती काठोकाठ भरलेली हिर एका पाळीत सव्वा एकरात संपते. मी ज्यावर भुललो ते एवढंच होतं. पीक उभ्या पाण्यावर निघत नाही, झऱ्यावर निघतं.

म्हणून झरा मोजायचा. त्यासाठी वेगळी वेळ काढावी लागत नाही. आमच्याकडं मोटरीला लागणारी थ्री फेज लाइट दिवसाला सात तास. मोटर चालवून पाणी चार-पाच फूट खाली न्या, लाइट गेली की लगेच दोरी सोडा, दहा तासांनी पुन्हा. मागच्या कार्तिकात आमच्यात दहा तासांत एक फूट चढलं, म्हणजे दिवसाला तीस हजार लिटर. पण हा आकडा तसाच धरू नका. लाइट गेलेली असते तेव्हा शेजारच्या सातशे फुटी बोअरही बंद असतात, झरा निवांत असतो. शिवाय माघानंतर तो आटत जातो. मी सरळ निम्मा करतो: पंधरा हजार.

रब्बीचे १२० दिवस धरले तर झऱ्याचे अठरा लाख, उभे अडीच, मिळून साडेवीस लाख. त्यातनं आधी घर आणि जनावरं बाजूला काढा. आमची चार जनावरं आणि घर मिळून दिवसाला सहाशे लिटर. मिरगापर्यंतचं दीड लाख झालं. राहिले एकोणीस. त्यातले चार लाख मी विसरून जातो. झरा फसवतो, पाइप फुटतो. पंधरा लाखांत सात पाळ्या बसतात.

वाटणी अशी. शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, आपण हस्ताच्या ओलीवर पेरतोच. एकच पाणी देणं होत असेल तर पोटरीत, म्हणजे कणीस पोटात असताना द्या, पन्नास-पंचावन्न दिवसांनी. तीन एकर, तीन पाळ्या. हरभऱ्याला दोन: एक फुलाच्या सुरुवातीला, एक घाटे भरताना. दोन एकर, चार पाळ्या. झाले सात. गव्हाचा मोह होतो, पण त्याला पाच-सहा पाळ्या लागतात; पोळीचा गहू बाजारातनं आणतो.

ऊस? दीड हजार मिलीमीटरवर भागला असं धरलं तरी एकराला साठ लाख लिटर. निम्मं पावसानं दिलं तरी तीस लाख विहिरीनं द्यायचे, तेही झरा मेलेल्या चैत्र-वैशाखात. ठिबक लावा, पाणी वाचतं, नाही म्हणत नाही; आमचा हिशेब तरीही बसत नाही. कृष्णाकाठी उगारच्या बाजूचे लोक हसतील. त्यांची नदी आहे.

मोटर किती ओढते तेही बघून ठेवा. दोनशे लिटरचं बॅरल किती सेकंदांत भरतं? आमचं चाळीस. म्हणजे तासाला अठरा हजार, आणि एकराची एक पाळी अकरा तासांची, दीड दिवसाची. हे कळल्यावर मजुराला कधी बोलवायचं ते नेमकं ठरतं.

संक्रांतीनंतर झरा पुन्हा मोजा. धरलेल्या पंधरा हजारांच्या खाली गेला असेल तर हरभऱ्याचं दुसरं पाणी एकाच एकराला द्या, ज्यात घाटे जास्त लागलेत त्याला. दोन्हीकडं अर्धं अर्धं शिंपडलं की कुठलंच भरत नाही. ते मी करून बघितलंय.

शेजारचे अण्णा रोज बांधावरनं विचारायचे, "बाव्याग नीर एष्ट अदाव?" म्हणजे कानडीत, विहिरीत पाणी किती आहे? मी आधी हात हलवून "अदाव, अदाव" (आहे, आहे) म्हणायचो. आता फूट सांगतो. गेल्या महिन्यात दोरी मागून नेली, अजून दिली नाही. दोन नवीन गाठी मारून ठेवल्यात म्हणे, त्यांची हिर आमच्यापेक्षा खोल आहे.