रात्रपाळीआधी कपाट उघडून बघा

लैंगिक अत्याचाराची केस हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, आल्यावर शोधाशोध नको, म्हणून हे आधीच. ग्लोव्हज, सिरिंज, स्वॅब असतातच. पहिले कपडे. पीडितेच्या अंगावरचे आपण पुरावा म्हणून ठेवून घेतो, मग तिने घरी काय घालून जायचं? गेल्या पावसाळ्यात आमच्याकडून एक मुलगी गाऊनवर चादर गुंडाळून रिक्षात बसली. दोन-तीन मापांचे कुर्ता-सलवार, आतले कपडे, पॅड, चप्पल. मुलगेही येतात, त्यांच्यासाठी टीशर्ट-हाफपँट. इंडेंट (सामानाचं मागणीपत्र) मंजूर व्हायची वाट बघू नका. जांभळी नाक्याच्या बाजारातून आणा, बिलासाठी नंतर भांडा.

काढलेला प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत. प्लास्टिक अजिबात नाही, ओल धरते, बुरशी येते, डीएनए जातो. ठाण्याच्या जुलैत काहीच वाळत नाही, तेव्हा पंखा आणि कुलूप असलेली खोली आधीच ठरवा. हेअर ड्रायर आणणाऱ्याला परत पाठवा.

एचआयव्ही टाळायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवीत, कोर्स २८ दिवसांचा. रविवारी एआरटी सेंटर (एचआयव्हीची औषधं देणारं केंद्र) बंद, ही सबब चालणार नाही. पहिले डोस कॅज्युअल्टीच्या कपाटात हवेत. गर्भ राहू नये म्हणून लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलीग्राम, १२० तासांपर्यंत देता येते, पण उशीर तेवढा परिणाम कमी.

पोलीस आले नाहीत म्हणून बाकावर बसवून ठेवायचं नाही. पालिकेचं हॉस्पिटल असो की घोडबंदरचं खासगी, उपचार लगेच आणि मोफत. बीएनएसएसचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं) कलम ३९७ वाचा. नाकारणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तिने तपासणीला नाही म्हटलं तरी उपचार द्यायचेच. बारा वर्षांपुढे संमती तिची स्वतःची, आईची सही घेऊन भागत नाही. मुंब्र्याहून येणाऱ्यांसाठी हिंदी फॉर्मही ठेवा. टू फिंगर टेस्टचा (योनीत दोन बोटं घालून करायच्या तपासणीचा) रकाना असलेले जुने फॉर्म फाडा. २०१४ च्या केंद्राच्या सूचनांत ती बाद झाली, २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती करणं गैरवर्तन ठरवलं, तरी फॉर्म गठ्ठ्यात असतात.

कपडे आणलेत ना? वॉर्डातल्या मावशींना विचारा, कपाटाची चावी कुणाकडे आहे. नाईटला हवी.

बाकी नेहमीचं. हेपॅटायटीस बीची लस, धनुर्वाताचं इंजेक्शन, समुपदेशकाचा नंबर, फॉलोअपची तारीख. अहवाल सात दिवसांत तपास अधिकाऱ्याकडे. नमुन्यांवर सील, पोलिसांची पोच. आणि लाखेसोबत काडेपेटी ठेवा, ऐन वेळी वॉर्डबॉय मामा बाहेर टपरीवर पळतात.