गव्हाचं एकविसाव्या दिवसाचं पाणी आधी, टॉनिक नंतर

नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलेला गहू आता तीन आठवड्यांचा होतोय. या आठवड्यात बाकी कामं मागे राहिली तरी चालतील, पाणी चुकवू नका.

दरवर्षी हेच बघतो. काळ्या रानात वरून ओल भासते, लाईट रात्रीची असते, आणि पाणी आठ-दहा दिवस पुढे ढकललं जातं. मग सव्वा महिन्यात गहू विरळ दिसायला लागला की दुकानातून 'फुटवा', म्हणजे बुडाशी फुटणारे जादा कोंब, वाढवणारी टॉनिकची बाटली येते. आमच्या शिवारात असा एक गहू पाहिला. तीन फवारण्या झाल्या, पानं काळीभोर झाली, पण रोपाला फुटवे दोनच.

एक रोप मुळासकट उपटून माती झटका. दाण्यापासून निघालेली बारीक मुळं खाली दिसतील. त्यांच्या वर, जमिनीलगत, एक गाठ असते. तिच्यातून पांढरी जाडसर टोकं निघतात, ती मुकुटमुळं. फुटवेही तिथलेच. वरचा दोन बोटांचा थर कोरडा असला की ही मुळं अडतात. ही वेळ 18 ते 21 दिवसांची. माझा अंदाज असा की चालताना ढेकूळ पायाखाली कडक लागलं तर आधीच उशीर झालाय, त्याच दिवशी पाणी सोडावं.

बाकी कामं:
- खुरपणी पाण्याआधी
- पेरणीवेळी देऊन उरलेलं नत्र हेक्टरी 60 किलो, म्हणजे युरिया सुमारे 130 किलो
- पुढची पाणी 40-45, 60-65 आणि 80-85 दिवसांना

फवारणी लक्षण बघून करा. मधल्या पानांवर पांढुरके-पिवळे पट्टे पडले तर जस्त कमी: 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम झिंक सल्फेट आणि 25 ग्रॅम चुन्याची निवळी. कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी, म्हणजे हिराकस (फेरस सल्फेट). 55 आणि 70 दिवसांना 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश असलेलं विद्राव्य खत) हे 10 लिटरला 200 ग्रॅम. पण ते झिंक सल्फेटसोबत एका टाकीत कालवू नका. स्फुरद आणि जस्त एकत्र आले की बादलीच्या तळाशी पांढरा साका बसतो, पैसे त्या साक्यात जातात.

बाटलीवर घटक वाचल्याशिवाय संजीवक, म्हणजे पिकाची वाढ कमी-जास्त करणारं औषध, घेऊ नका. जिब्रेलिक आम्लानं कांडी लांबते, आणि ओंबी भरल्यावर वारा सुटला की उंच गहू लोळतो. क्लोरमेक्वाट उलट कांडी आखूड करतं. ते लवकर पेरलेल्या, भरपूर खत घातलेल्या गव्हाला लोळण्यापासून वाचवायला वापरतात. नेहमीच्या खतावरच्या आपल्या गव्हाला त्याची गरज पडलेली मला दिसली नाही. तरीही दुकानदार आग्रह करत असेल तर पक्कं बिल मागा, आणि आधी दोन सऱ्यांवरच मारून पंधरा दिवस बघा.