पार्टिकल फिजिक्समध्ये पीएचडी करायचीय? आधी डेटा उघडून बघा

बीएस्सीची बरीच पोरं विचारतात की पार्टिकल फिजिक्समध्ये जायचंय, सुरुवात कुठून करू, आणि तोपर्यंत त्यांनी स्ट्रिंग थिअरीचे पन्नास व्हिडिओ बघून झालेले असतात पण एकदाही खऱ्या डेटाला हात लावलेला नसतो. माझं म्हणणं उलट आहे, आधी डेटा घ्या. प्रयोगाच्या बाजूला जे काम करतात त्यांचा दिवस जातो कोड आणि स्टॅटिस्टिक्समध्ये, आणि ते आपल्याला आवडतं की नाही हे पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी कळण्यापेक्षा सेकंड इयरच्या सुट्टीत कळलेलं कितीतरी बरं.

सर्न म्हणजे जिनिव्हाजवळची पार्टिकल फिजिक्सची मोठी प्रयोगशाळा, तिचं ओपन डेटा पोर्टल 2014 पासून सगळ्यांना फुकट खुलं आहे. तिथे सीएमएस प्रयोगातल्या (सर्नमधल्या प्रोटॉनच्या टकरी टिपणारा एक अवाढव्य डिटेक्टर) दोन म्युऑनवाल्या इव्हेंट्सची, म्हणजे ज्या टकरींतून इलेक्ट्रॉनचे जड भाऊ असलेले दोन म्युऑन निघाले त्यांची, साधी सीएसव्ही फाइल मिळते, लॅपटॉपवर सहज उघडते. प्रत्येक ओळीत दोन म्युऑनची ऊर्जा, मोमेंटमचे तीन घटक आणि चार्ज. दोघांची ऊर्जा बेरजेला घ्या, मोमेंटम घटकाघटकाने बेरजेला घ्या, मग ऊर्जेच्या वर्गातून मोमेंटमचा वर्ग वजा करून वर्गमूळ काढा (एककं अशी धरलेली असतात की प्रकाशाचा वेग 1), झालं तुमचं इन्व्हेरियंट मास, म्हणजे ज्या कणापासून हे दोन म्युऑन झाले त्याचं वस्तुमान. फाइलमध्ये मासचा तयार कॉलम असतो पण तो बघू नका, आधी स्वतः काढा आणि मग ताडून बघा. विरुद्ध चार्जवाल्या जोड्याच ठेवा, दोन्ही अक्ष लॉग स्केलवर टाकून हिस्टोग्राम काढा. 3.1 जीईव्हीला (हे इथे वस्तुमानाचं एकक) एक टोकदार शिखर दिसेल, ते जे-साय नावाच्या कणाचं, साडेनऊच्या आसपास अप्सिलॉन, आणि 91 ला झेड बोसॉन. ज्या झेडच्या शोधासाठी नोबेल मिळालं तो तुमच्या स्क्रीनवर दिसतो, आणि हे बघून तुम्हाला रात्री झोप आली नाही तर समजा हे क्षेत्र तुमचं आहे.

पुढचं पाऊल म्हणजे झेडच्या शिखरावर फिट बसवणं आणि त्याच्या रुंदीतली किती झेडची स्वतःची आणि किती डिटेक्टरच्या अचूकतेची हे वेगळं करणं. इथे खरं शिक्षण सुरू होतं. पायथॉन आधी शिका, रूट (सर्नचं डेटा-विश्लेषणाचं सॉफ्टवेअर) आणि सी++ नंतर येईलच, पण स्टॅटिस्टिक्स टाळू नका. डिसेंबर 2015 मध्ये सीएमएस आणि सर्नचाच दुसरा प्रयोग ॲटलस, दोघांनाही 750 जीईव्हीजवळ दोन फोटॉनच्या इव्हेंट्समध्ये नव्या कणासारखा उंचवटा दिसला, थिअरीवाल्यांनी त्यावर शेकड्याने पेपर लिहिले, आणि ऑगस्ट 2016 मध्ये जास्त डेटा आल्यावर तो उंचवटा नाहीसा झाला. कुणी फसवलं नव्हतं, आकड्यांचा चढउतार होता. शोध जाहीर करायला पाच सिग्माची अट (उंचवटा निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता अगदी नगण्य हवी) का असते हे यातून जेवढं समजतं तेवढं व्याख्या पाठ करून समजत नाही. 4 जुलै 2012 ला हिग्ज बोसॉनच्या शोधाची घोषणा झाली तेव्हा दोन्ही प्रयोग आपापल्या परीने त्या पातळीला पोचले होते, म्हणून तर एवढा आनंद झाला सगळ्यांना.

आता प्रवेशाचं. मुंबईजवळ असाल तर मानखुर्दच्या होमी भाभा सेंटरचा एनआययूएस हा संशोधनाची ओळख करून देणारा कार्यक्रम बीएस्सीच्या मुलांसाठीच आहे, आणि सायन्स अकॅडमींच्या समर फेलोशिपलाही अर्ज करा. पीएचडीसाठी जेस्ट, गेट, नेट या परीक्षा आणि कुलाब्याच्या टीआयएफआरची (टाटा मूलभूत संशोधन संस्था) प्रक्रिया, यातले नियम बदलत राहतात म्हणून त्या वर्षीची ॲडमिशन नोटीस स्वतः वाचा, सीनियरच्या सांगण्यावर राहू नका. टीआयएफआर आणि आयसर पुणे दोन्ही सीएमएसमध्ये आहेत, त्यातलं आउटर हॅड्रॉन कॅलोरीमीटर (कणांची ऊर्जा मोजणारा भाग) बनवण्यात टीआयएफआरचा मोठा वाटा आहे. आणि सगळं जिनिव्हातच असतं असंही नाही, उटीला ग्रेप्स-3 हा प्रयोग आहे, कॉस्मिक किरणांवर काम करायचं तर ते उत्तम.

संस्थेच्या नावापेक्षा गाइड बघा, हे मी कळकळीने सांगतेय. त्यांचे आधीचे विद्यार्थी आज कुठे आहेत, थीसिसला किती वर्षं लागली, मुलांना कॉन्फरन्समध्ये बोलायला पाठवतात का, हे त्या विद्यार्थ्यांनाच विचारा, मोकळेपणाने सांगतात. आणखी एक, सीएमएसच्या पेपरवर हजारोंच्या संख्येने नावं असतात, तीही देश आणि संस्थांच्या क्रमाने, कामाच्या वाट्याप्रमाणे नाही, आणि आपलं नाव त्यात येण्यासाठी आधी प्रयोगासाठी तांत्रिक काम करावं लागतं. त्यामुळे पोस्टडॉकचा (पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधनाची नोकरी) अर्ज करताना पेपरची यादी दाखवून काही कळत नाही, तुम्ही नक्की काय केलंत ते लागतं. ट्रिगरचा (कुठल्या टकरी साठवायच्या हे ठरवणारी यंत्रणा) कोड लिहिला, बॅकग्राउंडचा अंदाज काढला, कॅलिब्रेशन केलं, जे असेल ते पहिल्या दिवसापासून तारखेसकट लिहून ठेवा, शिफारसपत्र लिहिणाऱ्यालाही तेच द्या.

पैशाचंही घरी आधीच बोला. नेटच्या जेआरएफला (पीएचडी करतानाची फेलोशिप) 2023 पासून महिना 37 हजार मिळतात, पुढे 42 हजार, वर घरभाडं. मग दोन-तीन वर्षांचा एक पोस्टडॉक, बरेचदा दुसराही, बहुधा परदेशात, आणि भारतात कायमच्या जागा थोड्या. थिअरीत तर आणखी चुरस. ज्यांना जागा मिळत नाही ते डेटा सायन्समध्ये जातात आणि तिथे चांगलं करतात, त्याला अपयश म्हणू नका.

गाइडला पहिला मेल लिहाल तेव्हा "लहानपणापासून विश्वाचं कुतूहल" वगैरे काही नको. चार ओळी लिहा, त्यांचा एक पेपर वाचून पडलेला एक खरा प्रश्न विचारा, आणि सोबत तो म्युऑनचा प्लॉट कोडसकट जोडा.