पॉइंट टू टू (.22) सेमी-ऑटो रायफल वारंवार अडकते? आधी हे बघा

पुण्यात जून लागला की लायसन्सवाल्या मित्रांचे फोन सुरू, रायफल अडकते म्हणून. अरे, बहुतेक वेळा मळच असतो. आधी मॅगझिन काढा, बोल्ट (गोळी आत ढकलणारा सरकता भाग) मागे ओढा, चेंबर (गोळी बसते ती जागा) डोळ्यांनी बघा, बोटानेही चाचपा, मगच पुढे.

पॉइंट टू टूच्या गोळीला मेण किंवा ग्रीस असतं, त्यात काजळी मिसळून बोल्टच्या तोंडावर आणि एक्स्ट्रॅक्टरच्या (उडालेल्या गोळीचं कवच ओढून काढणाऱ्या भागाच्या) आकड्याखाली थर बसतो, मग रिकामं कवच बाहेरच येत नाही. जुना टूथब्रश घ्या आणि तिथे नीट घासा. तेल थेंबभरच, आमचे काका आंघोळ घालतात तसं नको, जास्त तेलात काजळी अजून चिकटते. मॅगझिन आतून कोरडंच ठेवा, आणि दोन-तीन असतील तर मार्करने नंबर टाका म्हणजे नेमकं कुठलं दगा देतं ते कळतं.

सबसॉनिक (आवाजापेक्षा कमी वेगाच्या) गोळीत जोर कमी, बोल्ट पूर्ण मागे जाईलच असं नाही, म्हणूनही रायफल अडकते; एकदा हाय व्हेलॉसिटी (जास्त वेगाची) गोळी वापरून बघा.

आणि हो, पावसाळ्यात फोमच्या केसमध्ये महिनोन्महिने ठेवू नका, फोम ओल धरतो. पुसून, सिलिका जेल टाकून कुलपात ठेवा.