कोल्हापुरातनं जर्मनीला निघालायस? मग हे बघ

भावा, व्हिसा आला, रंकाळ्यावर पार्टी झाली, आता कामाचं ऐक. घरात राहायला गेलास की १४ दिवसांत पत्ता नोंदवायचा, त्याला आन्मेल्डुंग म्हणतात, त्याला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, तो चावी घेतानाच मागून घे कारण नोंदणी झाल्याशिवाय टॅक्स नंबर येत नाही आणि मोठ्या शहरात अपॉइंटमेंट पटकन मिळत नाही, त्यामुळं इथनंच ऑनलाइन बघायला लाग.

बॅगेत कांदा-लसूण मसाला घे, पण डबल पिशवीत, माझे तीन शर्ट तांबडे झालेत (पांढरे होते). तूप, पेढे, मटणाचं लोणचं नको, दुधामांसाचं सगळं कस्टमवाले काढून घेतात. फोडणी टाकताना खिडकी उघड, स्मोक अलार्म वाजला की अख्खी बिल्डिंग दारात.

रविवारी दुकानं बंद, शनिवारीच सामान भर. रात्री १० नंतर आवाज नको, व्हिडिओ कॉलला इअरफोन लाव, आपल्या आईचा आवाज गंगावेशीतनं थेट शेजाऱ्याच्या बेडरूममध्ये पोचतोय. आणि पाण्याच्या प्लास्टिक बाटल्या फेकू नको, सुपरमार्केटातल्या मशीनमध्ये टाकल्या की एकेकीचे २५ सेंट परत मिळतात.